लाइव्ह कार्यक्रमाचे फोटो हललेले आणि लालभडक येतात, काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मित्राच्या बँडचा एका लहान हॉलमध्ये कार्यक्रम होता. तुमच्याकडे साधा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स. ऑटो मोडवर सहाशेच्या आसपास फोटो काढले. घरी येऊन पाहिलं तर निम्म्याहून जास्त हललेले, उरलेल्यांत गायिकेचा चेहरा म्हणजे नुसता लाल डाग, आणि ज्या फोटोंत फ्लॅश उडाला त्यांत सगळं स्टेज पांढरंफटक, सपाट. महिन्याभराने पुढचा कार्यक्रम आहे. तोवर कॅमेरा बदलावा का, आणि मोठ्या कॉन्सर्टला कॅमेरा आत नेऊ देतात का, असं तुम्ही विचारलंय.

कॅमेरा बदलू नका. मी नोकरी सांभाळून अठरा वर्षं कार्यक्रमांचे फोटो काढतोय आणि त्यातली पहिली सहा-सात वर्षं तुमच्या कॅमेऱ्यापेक्षा कमी कुवतीच्या कॅमेऱ्यावर काढली आहेत. तुम्हाला एक लेन्स लागेल, दोन-तीन सेटिंग बदलावी लागतील, आणि एक सवय लावून घ्यावी लागेल: फोटो काढताना गाणं ऐकायची. या तिसऱ्या गोष्टीवर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण माझ्या फोटोंमध्ये खरा फरक तिच्यामुळे पडला आणि नवीन माणसाला ती सहसा कोणी सांगत नाही.

आधी लेन्स. तुमचा एखादा हललेला फोटो उघडून त्याची माहिती बघा. बहुधा १/३० सेकंद (शटर उघडं राहण्याचा वेळ), एफ/५.६ (अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं; आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं), आयएसओ ३२०० (प्रकाशासाठीची संवेदनशीलता) अशा धर्तीचे आकडे दिसतील. किट लेन्स, म्हणजे ती १८-५५, झूम करून ५५ वर नेली की तिचं तोंड एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही. ५० मिमी एफ/१.८ ही लेन्स जवळपास प्रत्येक कंपनीच्या सगळ्यात स्वस्त लेन्सपैकी एक असते. ती किट लेन्सच्या त्या टोकापेक्षा साडेनऊ पटींहून जास्त प्रकाश आत घेते. म्हणजे तोच हॉल, तेच दिवे, तोच आयएसओ, आणि शटर १/३० वरून थेट १/२५० वर. गाणाऱ्या माणसाची मान १/३० ला हलते, १/२५० ला बहुतेक वेळा थांबते. नवीन कॅमेऱ्याने एवढा फरक पडणार नाही. क्रॉप सेन्सरवर ५० मिमी थोडी जवळची वाटते, सगळा बँड एका फ्रेममध्ये मावत नाही. पण चेहरा आणि हात यांसाठी ती नेमकी आहे, आणि सगळा बँड दाखवणाऱ्या एक-दोन फोटोंसाठी तुमची १८-५५ आहेच. १८ च्या टोकाला ती एफ/३.५ पर्यंत उघडते आणि लांबच्या, रुंद फ्रेममध्ये थोडी हालचाल खपून जाते.

सेटिंगचं म्हणाल तर मॅन्युअल मोडवर या. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर सगळी फ्रेम मध्यम राखाडी करायला बघतं. स्टेजवर मागे काळा पडदा, पुढे एका माणसावर झोत. मीटरला तो काळोख दिसतो, ते एक्स्पोजर वाढवतं, चेहरा जळतो आणि वर शटरही लांबतं. म्हणून अ‍ॅपर्चर एफ/२ च्या आसपास, शटर १/२५०, आणि आयएसओ १६०० पासून ६४०० पर्यंत, चेहऱ्यावरचा उजेड बघून अंगठ्याने वरखाली. पहिल्या गाण्यात दोन-तीन फोटो काढून कपाळावरची चमक तपासा. कपाळ वाचलं असेल तर फोटो वाचला. पडदा काळाच राहू द्या, त्यात काही दिसायची गरज नसते. फोटो जेपेगऐवजी रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती साठवणाऱ्या फाइलमध्येच, काढा. आयएसओ ६४०० ची भीती बाळगू नका. ग्रेन, म्हणजे दाणेदारपणा, दिसेल म्हणून आयएसओ कमी ठेवायचा आणि मग संगणकावर अंधारा फोटो उजळायचा, यात ग्रेन आणखी वाढतो. पुरेसा उजेड मिळालेला ६४०० चा फोटो उपाशी १६०० च्या फोटोपेक्षा स्वच्छ असतो.

फोकससाठी एकच पॉइंट निवडा आणि तो स्वतः डोळ्यावर ठेवा. एफ/१.८ ला दोन मीटरवरून फोकसमध्ये असलेली जागा सगळी मिळून दहा-बारा सेंटीमीटर असते. आता गायक कसा उभा असतो ते डोळ्यांसमोर आणा. माइक ओठांजवळ, डोळे त्याच्या मागे हातभर नाही तरी वीतभर. माइकच्या जाळीवर उजेड चमकतो, कॅमेऱ्याला ती जाळी फार आवडते, आणि घरी आल्यावर कळतं की जाळीचं एकेक छिद्र मोजता येतंय पण पापण्या विरघळल्यात. माझ्या पहिल्या वर्षीचे डझनभर चांगले क्षण असे माइकने खाल्ले. कॅमेऱ्यात डोळे ओळखणारा फोकस असेल तर वापरा, पण माइक मध्ये आला की तोही फसतो, लक्ष ठेवा.

लाल चेहऱ्याचं नीट समजून घ्या, कारण हा प्रश्न पुढेही सुटत नाही, फक्त हाताळता येतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रत्येक चार बिंदूंमागे साधारण एक लाल, दोन हिरवे आणि एक निळा अशी गाळणी असते. एलईडीचा शुद्ध लाल दिवा पडला की हिरव्या-निळ्या बिंदूंना जवळपास काहीच मिळत नाही. तुमच्या सेन्सरचा फक्त पाव भाग कामाला लागतो आणि तोही भरून सांडतो. त्यात माणसाची त्वचा लाल प्रकाश भरपूर परावर्तित करते. नाकाची कड, गालाचं हाड, कपाळावरच्या रेषा, सगळं एका सपाट लाल रंगात बुडतं. गंमत अशी की कॅमेऱ्याचा नेहमीचा पांढरा हिस्टोग्राम (फोटोत गडद ते उजळ भाग किती ते दाखवणारा आलेख) तेव्हा ‘सगळं ठीक आहे’ असं दाखवत असतो, कारण तो तिन्ही रंगांची गोळाबेरीज असते. तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम चालू करा आणि लाल रंगाची टेकडी उजव्या भिंतीला चिकटली आहे का ते बघा. चिकटली असेल तर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश निम्मा), कधी दीड स्टॉप खाली या. स्क्रीनवर फोटो काळा दिसेल, घाबरू नका, तपशील वाचलेला असतो. संगणकावर रंगाची तीव्रता कमी करा, व्हाइट बॅलन्स थोडा थंड, म्हणजे निळसर, करा. तरीही नाही जमलं तर कृष्णधवल करा आणि त्यात लाल चॅनल वर आणा. लाल दिव्यातली त्वचा तेव्हा मेणासारखी उजळते आणि फोटो मुळात कृष्णधवलच काढला होता असं वाटतं. निळ्या दिव्यात उलट होतं: त्वचा निळा प्रकाश फारसा परत देत नाही, चेहरा काळवंडतो आणि ग्रेन वर येतो. निळ्यात मी चेहरे काढायच्या फंदात पडत नाही, बाह्याकृती काढतो. आणि सगळ्यात सोपा उपाय म्हणजे थांबणं. लाल दिवा संपूर्ण गाणंभर क्वचितच राहतो. तो कधी जाणार हे कळायला लागतं, कसं ते पुढे सांगतो.

एलईडीची आणखी एक खोड. हे दिवे मंद करायचे असले की ते प्रत्यक्षात खूप वेगाने चालू-बंद होतात. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि फोटोवर आडवे पट्टे येतात. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर हे जास्त होतं, कारण बहुतेक सेन्सर ओळीमागून ओळ वाचतात. मेकॅनिकल शटर वापरा आणि कॅमेऱ्याच्या फ्लॅश सिंक गतीच्या, साधारण १/२०० ते १/२५० च्या, वर जाऊ नका. तिथपर्यंत सगळा सेन्सर एका क्षणी पूर्ण उघडा असतो. त्याच्या पुढे शटरची फट सरकत जाते आणि पट्टे परत येतात.

फ्लॅश बंद. ऑटोफोकससाठी लुकलुकणारा तो छोटा दिवाही बंद, बीप बंद, फोटो काढल्यावर स्क्रीनवर दिसणारा रिव्ह्यू बंद. अंधारात तुमच्या मागे बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत तो स्क्रीन खुपतो. आणि प्रकाशयोजना करणाऱ्याने तासन् तास खपून जे रंगवलंय ते फ्लॅश एका क्षणात पुसून टाकतो. तुमच्या सपाट फोटोंचं कारण तेच.

आता ऐकण्याबद्दल.

तुम्ही सहाशे फोटो काढले म्हणजे बहुधा बर्स्टवर (एकामागून एक सलग फोटो काढणाऱ्या मोडवर) बोट दाबून ठेवलं असणार. मीही तेच करायचो. मग एका लहान हॉलमध्ये एका गायिकेचे फोटो काढत होतो. कार्ड भरत आलं होतं, म्हणून नाइलाजाने कॅमेरा खाली ठेवून तिचं गाणं ऐकत उभा राहिलो. दुसऱ्या कडव्यात लक्षात आलं की धृपदाच्या आधी ती प्रत्येक वेळी माइकपासून वीतभर मागे जाते, हनुवटी उचलते, डोळे मिटते आणि श्वास घेते. जेमतेम एक सेकंद. त्या सेकंदात तोंडापुढे माइक नसतो, ओठ वेडेवाकडे नसतात, मानेच्या शिरा ताणलेल्या असतात आणि तो श्वास चेहऱ्यावर स्पष्ट दिसतो. आणि बरोबर त्याच क्षणी मागचा पांढरा झोत उघडतो, कारण दिवे चालवणारा माणूसही तेच गाणं ऐकत असतो आणि धृपदाची वाट बघत असतो. तिसऱ्या धृपदाच्या आधी मी कॅमेरा डोळ्याला लावला, फोकस पापणीवर धरून ठेवला, मनात मात्रा मोजल्या आणि तीन फोटो काढले. त्या रात्रीच्या चारशे फोटोंमधून तिला दिलेला आणि तिने आजवर जपलेला फोटो त्या तीनमधला आहे.

बहुतेक गाणी स्वतःला परत परत सांगतात. कडवं, धृपद, कडवं, धृपद, मग सोलो, मग शेवटचं मोठं धृपद. पहिलं धृपद बघण्यासाठी ठेवा. कोण कुठे सरकतो, दिवा कुठून येतो, गिटारवाला ड्रमरकडे कधी वळून हसतो. दुसऱ्याला जागा घ्या. तिसऱ्याला काढा. लाल दिवा कडव्यात असेल तर पुढच्या कडव्यातही बहुधा लालच असणार आणि धृपदात सुटणार. हे दोन-तीन गाण्यांत तुमच्या अंगात भिनतं. ड्रमर मोठ्या झांजेवर मारण्याआधी हात खांद्याच्या वर नेतो. तो हात वर असतानाचा क्षण हवा असेल तर ठोक्याच्या आधी बटण दाबावं लागतं. ठोका ऐकून दाबलंत तर हात खाली आलेला असतो. गायक ओळ संपवतो तेव्हा शेवटचा स्वर कोणता आहे तेही ऐका. ‘आ’ वर चेहरा उघडतो, ‘ऊ’ वर आक्रसतो, ‘म’ वर ओठ बंद होऊन चेहरा शांत होतो. मला स्वतःला ओळ संपल्यानंतरचा अर्धा सेकंद सगळ्यात प्रिय आहे. आवाज थांबलेला असतो, माणूस अजून गाण्यातच असतो.

म्हणून तुमच्या हातात एक मोठी संधी आहे जी पिटमधल्या, म्हणजे स्टेजच्या अगदी पुढच्या राखीव जागेतल्या, नावाजलेल्या फोटोग्राफरलाही नसते: बँड मित्राचा आहे. गाण्यांची यादी मागून घ्या, त्यांची रेकॉर्डिंग ऐका, सरावाला जाऊन बसा. सरावात एक गाणं कॅमेऱ्याशिवाय बघा.

जागेबद्दल. मधोमध उभे राहिलात तर माइक आणि त्याचा स्टँड चेहऱ्यावर येतो, म्हणून बाजूला सरका. गायकाने माइक उजव्या हातात धरला असेल तर तुमच्या उजव्या बाजूने काढा, तिकडून चेहरा मोकळा मिळतो. उजव्या हाताने वाजवणाऱ्या गिटारवाल्याचंही तसंच: गिटारची मान तुमच्या उजवीकडे असते, तो बोटांकडे बघायला त्या बाजूला वळतो, आणि तिथून चेहरा आणि बोटं दोन्ही एका फ्रेममध्ये येतात. ड्रमर नेहमी झांजांच्या आड लपलेला असतो. त्याच्यासाठी गुडघ्यावर बसून दोन झांजांमधली फट शोधावी लागते, आणि तिथे शटर १/१२५ वर आणून बघा. चेहरा स्थिर, काठ्या हवेत विरलेल्या, असा फोटो सगळं गोठवून काढलेल्या फोटोपेक्षा जास्त ‘वाजतो’. आणि शक्य असेल तेव्हा दिवा माणसाच्या मागे येईल असे उभे राहा. हर्मन लिओनार्डने १९४८ साली न्यूयॉर्कच्या रॉयल रूस्ट क्लबमध्ये सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डनचा जो फोटो काढला, त्यात सिगारेटचा धूर मागच्या प्रकाशाने असा काही उजळला आहे की जॅझ म्हटलं की अनेकांना तोच फोटो आठवतो. आजच्या स्टेजवर तो धूर मशीनमधून येतो, पण प्रकाशाचा नियम तोच आहे: धूर समोरच्या दिव्यात नुसता धुरकट दिसतो, मागच्या दिव्यात त्याला आकार येतो.

जवळ असणं मात्र कशानेही भरून निघत नाही. जिमी हेंड्रिक्सने १९६७ साली मॉन्टेरी पॉप महोत्सवात गिटार पेटवली, त्याचा जगभर गाजलेला फोटो एड कॅरेफ नावाच्या सतरा वर्षांच्या शाळकरी मुलाने काढला आहे. तो स्टेजच्या अगदी पुढ्यात एका खुर्चीवर उभा होता.

पण जवळ जाताना मागच्यांचं भान ठेवा. लोक गाणं बघायला आलेत, तुमची पाठ बघायला नाही. वाकून चाला, एका जागी एका गाण्यापेक्षा जास्त थांबू नका, कॅमेरा डोक्यावर धरू नका. संथ, शांत गाण्यात शटरचा खटका तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. तेव्हा टाळ्यांची किंवा ड्रम सुरू होण्याची वाट पाहा. एका व्हायोलिनच्या एकल कार्यक्रमात मी सबंध पहिला भाग एकही फोटो न काढता बसलो होतो आणि मला त्याचं वाईट वाटलं नाही.

मोठ्या कॉन्सर्टला साधारणपणे लेन्स बदलता येणारा कॅमेरा प्रेक्षकांना आत नेऊ देत नाहीत, त्यासाठी आयोजकांचा किंवा कलाकाराच्या चमूचा पास लागतो. पास मिळाला तरी बहुतेक ठिकाणी पहिल्या तीन गाण्यांपुरतीच परवानगी असते आणि फ्लॅश चालत नाही. काही पासांसोबत करारही असतो, त्यात फोटोंचे हक्क कोणाकडे राहतील ते लिहिलेलं असतं. सही करण्याआधी वाचा, मी एकदा न वाचता सही केली आणि स्वतःचेच फोटो कुठे दाखवायची सोय राहिली नाही. शिकण्यासाठी मला लहान जागाच बऱ्या वाटतात. तिथे उजेड कमी असतो, पण कोणी हाकलत नाही आणि पूर्ण दोन तास मिळतात.

दोन गोष्टी शरीराच्या आणि यंत्राच्या काळजीच्या. कानात इअरप्लग घाला. स्पीकरच्या पुढ्यात आवाज सहज १०० डेसिबलच्या वर जातो. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने कामगारांसाठी सुचवलेल्या मर्यादेत ८५ डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. गाणं ऐकून फोटो काढायचे तर कान शाबूत हवेत. चांगल्या इअरप्लगमधून गाणं स्पष्ट ऐकू येतं, फक्त मार कमी होतो. आणि स्टेजवर लेझर असेल तर लेन्स त्याच्या वाटेतून बाजूला घ्या. थेट किरण सेन्सरवर पडला तर तिथली जागा कायमची जळू शकते.

मग निवड. सहाशेमधून पंधरा काढा, वीस नको. पहिल्या फेरीत हललेले, अर्धवट मिटलेल्या डोळ्यांचे, माइकने झाकलेले बाजूला करा. दुसऱ्या फेरीत प्रत्येक फोटोला एकच विचारा: यात गाणं ऐकू येतंय का? कधीकधी थोडा हललेला फोटोसुद्धा राहतो. १९७९ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘द क्लॅश’ या ब्रिटिश बँडचा पॉल सिमनन स्टेजवर बास गिटार आपटत असताना पेनी स्मिथने त्याचा फोटो काढला. फोकस नीट नाही म्हणून तिला तो वापरायचा नव्हता. बँडने हट्ट धरला आणि त्याच वर्षी तो त्यांच्या अल्बमच्या मुखपृष्ठावर आला. तुमचे हललेले सगळे फोटो पुसण्याआधी एकदा त्या नजरेने बघा. सहाशेमध्ये असे एक-दोन असतात.

निवडलेले फोटो दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत बँडला पाठवा, प्रत्येक वादकाचा निदान एक तरी. बास वाजवणारा आणि ड्रमर यांचे फोटो कोणीच काढत नाही, त्यांना फार आनंद होतो आणि पुढच्या वेळी तेच तुमच्यासाठी विंगेत जागा करून देतात.

पुढच्या कार्यक्रमाआधी साउंडचेकच्या वेळी मित्राला विचारून ठेवा, एका गाण्यासाठी ड्रमरच्या मागे उभं राहता येईल का. तिथून त्याची पाठ, काठ्या, समोरच्या दिव्यांच्या रांगा आणि त्यांच्यापलीकडे लोकांचे चेहरे, असं सगळं एका फ्रेममध्ये मिळतं. १८-५५ लेन्स लावून जा, हूड (भटका उजेड अडवणारी लेन्सपुढची कड) विसरू नका, आणि त्या गाण्याचं शेवटचं धृपद किती मात्रांनी येतं ते आधीच मोजून ठेवा. समोरचे दिवे प्रेक्षकांवर बहुधा तेव्हाच फिरतात.